घरातील वायफाय: संज्ञांची ओळख आणि प्रत्यक्ष जुळणी

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असू शकतात. कंपनीकडून घरापर्यंत येणारी तार बिघडलेली असते, किंवा घरातला राउटर अडखळत असतो, किंवा राउटरपासून मोबाइलपर्यंत हवेतून येता येता संकेत क्षीण होतो. यांपैकी फक्त तिसऱ्या टप्प्याला वायफाय म्हणतात. जास्त वेगाचा प्लॅन घेतला की आतल्या खोलीत रेंज येईल, ही सर्रास आढळणारी समजूत हे टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे निर्माण होते. प्लॅनचा वेग पहिल्या टप्प्याचा असतो आणि रेंज तिसऱ्या टप्प्याची. म्हणून पुढे संज्ञा कोशासारख्या न मांडता, डेटा ज्या वाटेने मोबाइलपर्यंत पोचतो त्या वाटेवर त्या जिथे भेटतात तिथेच समजावून दिल्या आहेत, आणि त्या त्या ठिकाणी काय तपासायचे तेही सांगितले आहे.

तार आणि डबा

फायबर जोडणी असलेल्या घरात केबलवाला जो डबा बसवून जातो त्याला आपण मोडेम किंवा राउटर म्हणतो, पण त्याचे तांत्रिक नाव ओएनटी आहे. काचेच्या तंतूतून येणाऱ्या प्रकाशाच्या संकेताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणे हे त्याचे मूळ काम. मात्र आजच्या बहुतेक ओएनटींमध्ये आणखी तीन यंत्रे एकत्र बसवलेली असतात: घरातल्या सर्व उपकरणांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा राउटर, मागच्या बाजूला लॅन पोर्टांच्या, म्हणजे केबल खोचायच्या खाचांच्या, रूपात दिसणारा आणि उपकरणे तारेने जोडणारा स्विच, आणि रेडिओलहरी सोडणारा ॲक्सेस पॉइंट. वायफाय म्हणजे केवळ हा ॲक्सेस पॉइंट. बाजारातून वेगळा राउटर विकत आणला तर त्यात शेवटची तीन कामे असतात, प्रकाशाचे रूपांतर करण्याचे काम नसते, त्यामुळे कंपनीचा ओएनटी काढून टाकता येत नाही.

तपासणीची सुरुवात या डब्यावरच्या दिव्यांपासून करावी. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश व्यवस्थित येत आहे. ‘लॉस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल तर तंतू तुटला आहे, निसटला आहे किंवा कुठेतरी फार वाकला आहे, आणि अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. थेट तक्रार नोंदवावी. पिवळी किंवा काळी बारीक फायबर वायर खिळ्याला घट्ट गुंडाळलेली, दाराच्या फटीत चेमटलेली किंवा सोफ्यामागे दुमडलेली नाही ना, एवढे मात्र आपण पाहू शकतो. वायरचे टोक काढून त्यात डोळा घालून पाहू नये, कारण त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

हवेच्या आधी तारेचा वेग मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, बाकीची उपकरणे बंद करावीत आणि वेगचाचणी घ्यावी. केबल आणि पोर्ट चांगले असतील तर जो आकडा येईल तो आपल्या घरात येणारा खरा वेग. मग वायफायवरचा वेग याच्यापेक्षा जास्त कधीच मिळणार नाही.

इथे एकक नीट पाहावे. कंपन्या वेग मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे एमबीपीएसमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येतात. यात कंपनीने फसवलेले नसते.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे आणि तारेवरही चाचणी दर वेळी ९४-९५ च्या आसपास अडकते, असा अनुभव असेल तर दोष बहुधा पोर्टाचा किंवा केबलचा असतो. जुन्या आणि स्वस्त राउटरांचे पोर्ट ‘फास्ट इथरनेट’ प्रकारचे असतात आणि त्यांची कमाल मर्यादाच १०० एमबीपीएस आहे. चांगल्या ‘गिगाबिट’ पोर्टालाही आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली केबल जोडली तर तो निमूटपणे १०० वर उतरतो. चाचणीत असा एकच ठरावीक आकडा वारंवार दिसू लागला की आधी केबल बदलून पाहावी. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेली केबल घरगुती अंतराला पुरेशी आहे.

हवेतले पट्टे

तारेवर वेग बरोबर आला, तर आता प्रश्न हवेचा उरतो. वायफाय ही रेडिओलहर आहे, आणि कोणत्या वारंवारतेची लहर वापरायची हे सरकार ठरवते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशातून येताना ‘६ई’ किंवा ‘वायफाय ७’ लिहिलेला, म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरू शकणारा, महागडा राउटर आणणाऱ्यांनी या तारखा लक्षात ठेवाव्यात, कारण त्यातला तिसरा पट्टा इथे चालेल की नाही हे राउटरच्या किमतीवर ठरत नाही, इथल्या नियमांवर ठरते.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची पाच-सहा सेंटिमीटर. व्यवहारात याचा अर्थ असा की २.४ ची लहर भिंतीतून तुलनेने बरी पार होते आणि दूर पोचते, तर ५ ची लवकर थकते. मग २.४ चाच वापर का करू नये? कारण तो पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि त्यात आपल्याखेरीज शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, वायरलेस माउस, आणि चालू असताना मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा गर्दी करतात. ब्लूटूथ एका जागी न थांबता सेकंदाला शेकडो वेळा वारंवारता बदलत राहते, म्हणून ते तगून जाते. वायफायला मात्र एकाच ठिकाणी तळ ठोकावा लागतो.

त्या ठिकाणाला चॅनल म्हणतात. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल आहेत, पण त्यांची केंद्रे केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आणि प्रत्येकाची रुंदी किमान २० मेगाहर्ट्झ असल्यामुळे शेजारशेजारचे चॅनल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न छेदणारे चॅनल व्यवहारात तीनच मानले जातात: १, ६ आणि ११. शेजाऱ्याचा राउटर ६ वर आहे म्हणून आपण हुशारीने ८ निवडला, तर परिस्थिती सुधारत नाही, उलट बिघडते. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात, पण अर्धवट छेदणाऱ्या चॅनलवरचे बोलणे त्यांना निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू येते.

पाळीचा हा नियम वायफायच्या मुळाशी आहे. एका खोलीत बरीच माणसे बसली असून एका वेळी एकानेच बोलायचे असे ठरले असेल, तर माणसे वाढत जातील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कमी होतो. एका चॅनलवरच्या सर्व उपकरणांचे नेमके तेच होते, मग ती आपल्या घरातली असोत वा शेजारच्या. त्यात एखादा लांबच्या खोलीतला जुना मोबाइल अगदी संथ गतीने बोलत असेल तर तो इतरांचा वेळही खातो. पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या मोठ्या सोसायटीत मधल्या मजल्यावर वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावे सहज दिसतात, आणि रात्री साडेनऊनंतर २.४ वर व्हिडिओ का अडकतो याचे उत्तर त्या यादीतच असते. अशा ठिकाणी माझा सल्ला स्पष्ट आहे: फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत आणि २.४ चा पट्टा स्मार्ट बल्ब, कॅमेरे आणि दूरच्या कोपऱ्यासाठी ठेवावा.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘चॅनल विड्थ’ असाही पर्याय असतो. रुंदी दुप्पट केली की वेगाची कमाल मर्यादाही साधारण दुप्पट होते, पण गर्दीत रुंद जागा मिळत नाही. २.४ वर ती २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली तर जवळजवळ अर्धा पट्टा आपणच अडवतो आणि सगळ्यांची टक्कर स्वतःवर ओढवून घेतो. ५ वर ८० मेगाहर्ट्झ योग्य. तिथे चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या गटांतला घ्यावा. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलांच्या क्षेत्रात रडारही काम करतात, त्यामुळे अनेक राउटर तिथे आधी काही काळ कानोसा घेतात आणि रडारचा संकेत जाणवला की चॅनल सोडून देतात. अधूनमधून विनाकारण क्षणभर जोडणी तुटत असेल तर हेही एक कारण असू शकते.

रेंज मोजणे आणि राउटरची जागा

वायफायच्या चिन्हातल्या कांड्यांवर विसंबू नये, कारण किती संकेताला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. खरे माप डीबीएम हे आहे. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे एखादे ॲप आणि मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर केलेला क्लिक हा आकडा दाखवतो. तो ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: राउटरशेजारी −३० ते −४०, व्हिडिओ कॉलसाठी −६५ च्या आसपास हवा, −७५ च्या पुढे अडखळणे सुरू होते आणि −८५ ला जोडणी नावालाच उरते. हे माप सरळ रेषेत चालत नाही. तीन अंकांनी घसरण झाली की संकेताची ताकद निम्मी होते आणि दहा अंकांनी घसरली की एक दशांश. म्हणजे −६० आणि −७० यांत फरक दिसतो थोडा, पण असतो दहापट.

आता हा आकडा पाहत घरभर फिरावे आणि प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहून ठेवावा. अर्ध्या विटेची साधी भिंत फार त्रास देत नाही. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती व स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे खरे अडथळे. जुन्या वाड्यांच्या रुंद भिंती आणि कोकणातल्या जांभ्या दगडाच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती ५ गिगाहर्ट्झला फारच जड जातात. तिथे एका खोलीतला संकेत दुसऱ्या खोलीत पोचेल अशी अपेक्षाच धरू नये.

केबलवाला डबा बसवतो तो त्याच्या सोयीने, म्हणजे मुख्य दाराशी, मीटरच्या कपाटाजवळ किंवा टीव्हीच्या मागे. त्याला बसवतानाच थांबवून घराच्या मध्याशी, छातीच्या उंचीपेक्षा वर आणि उघड्यावर जागा द्यायला सांगावे. त्यासाठी चार-पाच मीटर जास्त वायर लागली तरी ती पुढच्या सगळ्या उपायांपेक्षा स्वस्त पडते. बाहेरचे अँटेना उभे ठेवले तर लहरी मुख्यतः आडव्या दिशेने, त्याच मजल्यावर पसरतात. वरच्या मजल्यावरही संकेत हवा असेल तर एक अँटेना आडवा करून पाहावा. जागा बदलली की पुन्हा आकडे घ्यावेत, आणि ते मिळेपर्यंत नवीन काहीही विकत घेऊ नये.

खोक्यावरचे आकडे

वायफायचे मूळ मानक ८०२.११ या क्रमांकाने १९९७ मध्ये आले, तेव्हा वेग होता २ एमबीपीएस. पुढच्या आवृत्त्यांना बी, ए, जी, एन अशी अक्षरे जोडत गेल्याने ग्राहक पार गोंधळले, म्हणून वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये सोपे अंक दिले: ८०२.११एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५ आणि एएक्स म्हणजे ६; पुढे आलेला बीई म्हणजे ७. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी आहे. ‘वायफाय ५’ लिहिलेला राउटर २.४ वर जुन्या वायफाय ४ च्याच पद्धतीने चालतो. वायफाय ६ मधला महत्त्वाचा बदल वेगाचा नव्हे, गर्दीचा आहे: ओएफडीएमए या पद्धतीने एकाच पाळीत अनेक उपकरणांना थोडाथोडा डेटा देता येतो. भरपूर उपकरणे असलेल्या घरात म्हणूनच तो घेण्यासारखा आहे.

खोक्यावर ‘एसी१२००’ असे लिहिलेले असते त्यातला १२०० हा आकडा २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ मिळवून, वरच्या शेकड्यापर्यंत नेलेला असतो. एक मोबाइल सहसा हे दोन्ही एकदम वापरत नाही. त्या मोबाइलवर ‘लिंक स्पीड ८६६’ दिसत असली तरी पाळीत वाट पाहणे, पोच देणे आणि चुकलेले पुन्हा पाठवणे यांत वेळ जात असल्यामुळे प्रत्यक्ष त्याच्या निम्म्या-पाऊणपटीइतकाच वेग हाती येतो. मायमो ही संज्ञाही खोक्यावर दिसते. तिचा अर्थ एकाच वेळी अनेक अँटेनांमधून वेगवेगळे प्रवाह पाठवणे. बहुतेक मोबाइलमध्ये असे दोनच प्रवाह असतात, तेव्हा आठ अँटेनांचा राउटर घेऊन एका मोबाइलचा वेग चौपट होत नाही.

नाव आणि कुलूप

यादीत दिसणाऱ्या नावाला एसएसआयडी म्हणतात. त्यात आडनाव किंवा सदनिका क्रमांक घालू नये, कारण ते जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. नाव लपवण्याच्या पर्यायाने सुरक्षितता वाढत नाही. उलट आपला मोबाइल बाहेरही त्या नावाचा पुकारा करत फिरू शकतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले तर कोणत्या पट्ट्यावर जायचे ते उपकरणे आणि राउटर मिळून ठरवतात, आणि बहुतेक घरांत ते ठीक चालते. अडचण येते स्मार्ट बल्ब, प्लग किंवा दाराचा कॅमेरा जोडताना, कारण यांतली बरीच उपकरणे फक्त २.४ ओळखतात. तेवढ्यापुरते राउटरमधून ५ चा पट्टा बंद करावा, उपकरण जोडावे आणि पट्टा पुन्हा चालू करावा.

कुलपाच्या प्रकारांत डब्ल्यूईपी आणि मूळ डब्ल्यूपीए हे दोन्ही कालबाह्य असून ते निवडूच नयेत. डब्ल्यूईपीची मोडतोड २००१ मध्येच झाली. २००४ चे डब्ल्यूपीए२ ‘एईएस’ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीसह चालेल, २०१८ चे डब्ल्यूपीए३ अधिक चांगले. एखादे जुने उपकरण डब्ल्यूपीए३ ला जोडले जात नसेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय घ्यावा. पासवर्ड मोबाइल क्रमांक असू नये. असंबद्ध चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि तोडायलाही अवघड जातो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करावे: त्यातला आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे सगळे मिळून ११ हजारांच्या आसपास प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे ठेवावे आणि स्मार्ट बल्ब-कॅमेरेही शक्यतो त्यावरच टाकावेत.

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा बऱ्याच घरांत डब्याखालच्या कागदी पट्टीवर छापलेला तसाच वर्षानुवर्षे राहतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा.

पत्ते

सेटिंगचे पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा आकडा टाकतात. तो राउटरचा घरातला आयपी पत्ता. प्रत्येक उपकरणाला असा पत्ता आपोआप वाटणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात, आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्याने वावरू देणाऱ्या व्यवस्थेला नॅट. अनेक कंपन्या आता आपल्या बाजूलाही आणखी एक नॅट लावतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर आपण त्याच्या मागे आहोत. घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही त्याचे कारण बहुधा हेच.

ओएनटीच्या मागे स्वतःचा राउटर लावताना दोन्ही नॅट करू लागले की खेळ आणि काही कॉल अडखळतात. कंपनीला सांगून ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यावा, म्हणजे त्याचे नॅट बंद होते, किंवा आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये चालवावा, म्हणजे तो नॅट न करता फक्त वायफाय देतो.

दुसरा डबा लागलाच तर

जागा बदलूनही एखादी खोली −७५ च्या पलीकडेच राहिली तर तीन मार्ग आहेत. रेंज एक्स्टेंडर सर्वांत स्वस्त, पण एकाच रेडिओवर ऐकायचे आणि तेच पुन्हा सांगायचे असल्याने वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीत लावतात, तिथे त्याला स्वतःलाच संकेत मिळत नाही. लावायचाच तर राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, −६५ च्या आसपासच्या जागी लावावा. मेश म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे. ते एकाच नावाने चालतात आणि फिरताना मोबाइल एकावरून दुसऱ्यावर अलगद जातो. पण त्या डब्यांमधली जोडणीही हवेतूनच असेल तर जाड भिंतींचा प्रश्न तसाच राहतो. तिसरा मार्ग म्हणजे भिंतीकडेने एक कॅट ६ केबल ओढून पलीकडे ॲक्सेस पॉइंट बसवणे. दिसायला सगळ्यांत जुनाट, आणि दगडी किंवा काँक्रीटच्या घरात सगळ्यांत खात्रीचा. घराचे रंगकाम किंवा वायरिंग निघालेच असेल तर प्रत्येक खोलीपर्यंत एक लॅन केबल घालून घ्यावी.

वीज गेल्यावर

महाराष्ट्रात भारनियमन पूर्वीइतके राहिले नसले तरी पावसाळ्यात वीज जातेच. बहुतेक ओएनटी व राउटर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास पुरतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पियर दोन्ही पाहावेत: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पियर यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा हवा.

आपला डबा चालू राहूनही नेट गेले तर जोडणीचा प्रकार विचारावा. थेट घरापर्यंत फायबर असेल तर एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा वाटेतला विभाजक विजेशिवाय चालतो, आणि कंपनीच्या केंद्रावर बॅकअप असेपर्यंत नेट टिकते. पण इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली केबलवाल्याचा स्विच असून तिथून पुढे लॅन केबल घरात आली असेल, तर तो स्विच इमारतीच्या विजेवर चालतो. तिथेही एक यूपीएस बसवून द्या, ही मागणी सोसायटीतल्या चार-पाच ग्राहकांनी मिळून केली तर केबलवाला सहसा ती मान्य करतो.